सदतीस दातांची अवस्था

तात्या गेल्याचे मला कचेरीसमोरच्या लिंबाखाली कळले. वारसनोंदीचा एक अर्ज निम्मा लिहून झाला होता. तो तसाच ठेवून मी उठलो. अंत्ययात्रेला सारी पेठ आली. आली नाही ती शाळा. याचा जाब कोणीतरी मागितलाच पाहिजे, म्हणून हे लिहितो आहे. माझे शिक्षण मराठी सहावीपर्यंतचे असले, तरी नेवाशाच्या कचेरीतून माझा अर्ज आजवर दुरुस्तीसाठी परत आलेला नाही.

तात्या घड्याळजी. लष्कराच्या वर्कशॉपात असताना काही वर्षे ते कच्छात होते. तिथल्या कोरड्या ओढ्यांत शार्क माशांचे दगड झालेले दात सापडत. सुटीच्या दिवशी वेचलेले ते दात त्यांनी तंबाखूच्या डब्यात कापूस घालून जपले होते. निवृत्तीनंतर त्यांची टपरी माझ्या शेजारीच होती. हाती काम नसले, की डोळ्याला भिंग लावून एकेक दात उन्हाकडे धरत. आधी टोक, मग धारेवरची बारीक करवत नखाने चाचपायची, मग झिलई आणि सर्वांत शेवटी मूळ. एक चकचकीत दात पाहून मी वाहवा केली, तेव्हा म्हणाले, "टोक बघून भुलू नका, अर्जवाले. मुळाचा एक फाटा गेलाय. ह्यो दुसऱ्या नंबरचा." यांची कवळी करणार का, असे कोणी चिडवले, तर लई जुना माल हाय, तुमच्या तोंडाला बसायचा न्हाई, असे ऐकवीत. तुटका दात त्यांनी कधी चिकटवला नाही, कशालाही तेलाचा हात लावला नाही. जे गेले ते गेलेले दिसले पाहिजे, हा त्यांचा कायदा...

घरात तात्या आणि वहिनी दोघेच, मूलबाळ नव्हते. दुष्काळाच्या वर्षी प्रकृती ढासळली, तेव्हा दात जवळच्या एका शाळेला द्यायचे ठरले. अर्ज अर्थातच मी लिहिला. तात्या सदतीस दातांची अवस्था एकेक करून सांगू लागले, तेव्हा मी त्यांना थांबवले. साहेब लोक एका पानापुढे वाचत नाहीत, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव. मी लिहिले, शार्क माशाचे जुने दात, एकूण नग सदतीस. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"अन् अवस्था?"

"ती लागत नाही, तात्या."

त्यांनी सही केली.

पुढे शाळेची तपासणी आली. साहेबांच्या स्वागतासाठी हेडमास्तरांनी काय करावे? सदतीसच्या सदतीस दातांना व्हार्निश फासले, मुळे सरसात बुडवली आणि निळ्या फळीवर 'सुस्वागतं' काढले. तात्यांना घेऊन मी बघायला गेलो, तेव्हा धडका आणि तुटका, सगळे एकसारखे चकाकत होते. पहिल्या नंबरचा म्हणून तात्यांनी निवडलेला एकुलता एक दात अनुस्वाराला लावला होता. मी संतापलो. हेडमास्तरांनी शांतपणे माझाच अर्ज पुढे ठेवला आणि म्हणाले, "यात नुसते दात म्हटलंय. अवस्था लिहून दिली असती, तर कपाटात ठेवले असते." यादी नसली म्हणजे अक्कलही नसावी, असा नियम मला कोणत्याही पुस्तकात आढळलेला नाही, आणि तसे मी सुनावलेही. परंतु अक्षर माझे होते. परतताना तात्या एवढेच म्हणाले, "तुमी लिहिलं ते खोटं न्हाई. दातच हायेत." त्यापेक्षा त्यांनी शिवी दिली असती तर... त्यानंतर त्यांनी डबा उघडलेला मी पाहिला नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी तो रिकामा डबा आणि भिंग माझ्या हाती दिले. कापसात दातांचे खळगे अजून आहेत. शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार लिहायला घेतली आहे: दात फळीवरून मुळांना धक्का न लावता सोडवावेत आणि सोबतच्या यादीप्रमाणे जपावेत. यादी तीन पाने झाली आहे. तात्यांच्या तोंडचे आठवून आठवून अकरा दातांची अवस्था लिहिता आली. उरलेल्या सव्वीस आकड्यांपुढे जागा कोरी आहे. कोरी जागा ठेवून मी आजवर एकही कागद कचेरीत दिलेला नाही. हा देणार आहे.