जमिनीलगतचा वायू
सोड्याची बाटली फोडली की नाकात झिणझिण्या येतात आणि मला चाकणची ती खोली आठवते. गोबरगॅसमधला कार्बन डायऑक्साइड प्लास्टिकच्या पातळ पडद्यांतून गाळून काढणाऱ्या कंपनीत मी नवीन होते. एकदा त्या खोलीत एकटीच असताना पडलेला पाना उचलायला वाकले, तर नाकाला तसंच झोंबलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पाइप सुटून तो वायू जमिनीलगत साचला होता. दारातून ऑपरेटरकाकांनी श्वास रोखून धाव घेतली आणि मला दंडाला धरून बाहेर ओढलं. "पोरी, हा गॅस खालीच बसून राहतो. एकटीनं आत जायचं न्हाई!" ते ओरडले, आणि धापा टाकत पायरीवर बसले. दुसऱ्या दिवशी मी नेलेले पेढे त्यांनी सगळ्या शिफ्टला वाटले. आता नव्या मुलींना ती खोली दाखवताना मी आधी ऑपरेटरकाकांचं नाव सांगते.