वांग्याच्या शेतातले दोनशे सागरी मैल

“समुद्राच्या वादात आबांची बोलती बंद झाली, आणि तेव्हापासून भरिताची वांगी सोलण्याचे काम त्यांच्याकडे आले.” माझे व्याही ही कथा प्रत्येक शुभकार्यात सांगतात. परवा नातीच्या साखरपुड्यात, तिच्या होणाऱ्या सासऱ्यांसमोरही त्यांनी ती सांगितली. देवपूरच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या माणसाने हे ऐकून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा दिसते. ती मी पूर्ण करणार नाही.

मी गप्प झालो होतो, हे खरे. पण केव्हा, ते व्याही सोयीस्करपणे विसरतात.

जळगावजवळ त्यांच्या शेतात हिवाळ्यातली भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत असताना त्यांनी जाहीर केले, “किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैल समुद्र आपला. परक्या जहाजानं तिथं फिरकायचंसुद्धा नाही!”

“साफ चूक,” मी म्हणालो. “बारा मैलांपर्यंत सत्ता आपली. त्यापुढे दोनशेपर्यंत मासळी आपली, तळाखालचं तेल आपलं. पण वाट सगळ्यांची.”

“आबा, उन्हाळ्यात तुमच्या पांझरा नदीत घोटाभर पाणी नसतं. तुम्ही समुद्र शिकवता?”

“आणि तुमच्या विहिरीत कोणतं जहाज उभं आहे, भाऊ?”

मंडळी हसली, व्याही चिडले आणि पैज लागली: हरेल त्याने दरवर्षी जाळावरची गरम वांगी सोलायची. बोटे कशी पोळतात, हे ज्याने सोलली त्यालाच ठाऊक.

तेवढ्यात शेजाऱ्याचा केळीचे घड भरलेला ट्रॅक्टर आला. त्याची बाग मागे, सडक पुढे. म्हणून व्याह्यांच्या वांग्यांमधून त्याची जुनी वहिवाट. व्याह्यांनी बसल्या जागेवरून हात उंचावला, “राम राम! सावकाश न्या!” शेजारी मात्र थांबला, उतरला आणि त्याने एक टपोरे वांगे तोडले.

व्याही निखारा लागल्यासारखे उठले. “ओ भाऊ! वाट दिली, वांगी नाही दिली!”

“एकच तं शे!”

“अर्धंसुद्धा नाही. ठेवा खाली!”

मी गप्प झालो तो या क्षणी. प्रतिपक्षच आपला धडा इतक्या तळमळीने शिकवत असताना मध्ये तोंड घालणे शिक्षकाला शोभत नाही. माझ्या मौनाला पराभव समजून मंडळींनी वांग्यांचे ताट माझ्यापुढे सरकवले, आणि आजतागायत बोटे माझी पोळतात.

येत्या हिवाळ्यात ते ताट व्याह्यांपुढे जावे. पुरावा एकच: त्यांनी ट्रॅक्टर जाऊ दिला आणि वांगे ठेवून घेतले.