चाक हलू दे

आमच्याकडे माणूस 'निघालो' म्हणतो तेव्हा त्याची आंघोळही व्हायची असते. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, तो निवांत चहा टाकतो. यात कोणी खोटं बोललं असं कोणालाच वाटत नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाईंची कळंबला तुरीची दालमिल आहे. भाव, मशीन, माणसं, सगळं त्या बघतात. इंग्रजी मेसेज तेवढे माझ्याकडे. यंदा चेन्नईचा एक व्यापारी पहिल्यांदाच आमची डाळ घेणार होता. ही गाडी नीट पोचली तर वर्षभर माल तुमचाच, असं त्याने कळवलं होतं. त्या दिवशी सकाळीच त्याचा मेसेज आला, गाडी निघाली का?

"लिही, निघाली," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, अजून पोते भरून राह्यले नं! 'इज लोडिंग' लिहू?"

"काहून व? संध्याकाळी जाऊनच राह्यली नं ते! तुह्यं इंग्रजी ठेव बाजूले."

त्यांच्यापुढे कोणाचं चाललंय! मी चरफडत 'हॅज लेफ्ट' पाठवलं. लगेच उत्तर आलं, 'परवा सकाळी माल उतरवायला हमाल सांगून ठेवले.'

मी ते मराठीत वाचून दाखवलं. जाऊबाईंनी माझ्या हातातला मोबाइल घेऊन त्या ओळीकडे पाहिलं.

"आपलं तोंडही नाही पाह्यलं त्यानं, अन् आपल्या बोलण्यावर हमाल सांगतले?" मग म्हणाल्या, "लिही, गाडी उभीच हाये. आमचं चुकलं."

पहिलाच सौदा, तोही हातचा जायचा! तरी 'इज लोडिंग' लिहिलं, माफी मागितली. उत्तर नाही. दुपार गेली, तरी नाही. जाऊबाईंनी डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी ताडपत्री बांधून झाली. मी मोबाइल हातात घेतला तशा त्या ओरडल्या, "थांब! चाक हलू दे." स्वतः फाटकापर्यंत गेल्या. ट्रक रस्त्याला लागला, वळणावर दिसेनासा झाला, तेव्हा म्हणाल्या, "आता लिही."

सकाळचेच दोन शब्द. पण या वेळी ते दोनदा वाचून मगच पाठवले. इथे मी 'हॅज लेफ्ट' लिहायचं आणि तिकडे, कुठल्या कुठे, न पाहिलेली माणसं त्यावर कामाला यायची. बाप रे! एवढं वजन असतं याला?

मोबाइल वाजला. 'हमाल आता परवा रात्रीसाठी सांगितले.'

जाऊबाईंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "चाल, आता जेवू."