अप्पांची घंटा आणि बेक्कीचं दूध

माझे वडील रेवणसिद्ध स्वामी, आमचे अप्पा, जन्मात कुणाला उलट शब्द बोलले नाहीत. गावात त्यांचं नाव देवमाणूस म्हणून निघायचं. पण ज्यांना हा देवमाणूस घरात सांभाळावा लागला, त्यांना विचारा. अप्पांनी एका मांजरापायी आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं.

आमचं गाव ईटच्या बाजारगावापासून दोन कोसांवर, निजामाच्या मुलखात. गावात घड्याळ एकच, पाटलांच्या बैठकीत, आणि तेही बंद पडलेलं. दिवस सुरू व्हायचा मठाच्या घंटेवर. अप्पा पहाटे उठून अंगणात यायचे, चांदण्या बघून वेळ ठरवायचे आणि मठात जाऊन घंटा वाजवायचे. ती वाजली की बायका जात्यावर बसत, गडी बैलांना वैरण टाकत. अप्पांच्या पणजोबांपासून हे काम आमच्या घरात, म्हणजे मठाच्या जंगमांकडे, होतं. अप्पा पोथी वाचत, लग्नं लावत, पण घंटा सोडून कशाचा म्हणून त्यांना अभिमान नव्हता.

अठ्ठेचाळीस सालच्या आषाढात मी पहिल्या बाळंतपणाला आमच्याच भागातल्या वाशीहून माहेरी आले. सासरी पहाटे चारला उठावं लागायचं. माहेरी चार दिवस झोप मिळेल, एवढीच माझी हौस होती. ती बेक्कीनं पहिल्याच रात्री धुळीला मिळवली.

बेक्की म्हणजे आमचं मांजर. कानडीत मांजराला बेक्कू म्हणतात, आणि आव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, माहेर कानडी मुलखातल्या आळंदकडचं. घंटा वाजवून आले की अप्पा आंघोळ करत, लिंगपूजा करत आणि नैवेद्याचं अर्धं दूध बेक्कीच्या परळात ओतत. घरात पोटुशी लेक असताना पहिलं दूध मांजराला! त्या मांजरालाही एवढं कळलं होतं की म्हातारा उठल्याशिवाय घंटा नाही आणि घंटेशिवाय दूध नाही. मग त्यानं म्हाताऱ्याला उठवायला सुरुवात केली. आधी कानाशी ओरडायचं, मग छातीवर बसायचं, आणि तरीही नाही हलले तर पायाचा अंगठा चावायचं. अप्पांचा नेम असा की एकदा डोळा उघडला की परत पाठ टेकायची नाही. त्यामुळे मांजराचं रोज फावायचं, आणि रोज ते थोडं आधी यायचं.

मी येऊन पंधरा दिवस झाले तेव्हा घंटा पार मध्यरात्रीकडं सरकली होती. दळण व्हायचं, भाकरी व्हायच्या, त्या गारही व्हायच्या, तरी उजाडायचं नाव नाही. ईटच्या बाजाराला निघालेली माणसं तिथं पोचून अंधारात जांभया देत बसायची. पाणवठ्यावर शेजारच्या धुरपदाबाईनं मला ऐकवलं, "नागूबाई, तुमच्या अप्पाला झोप येत न्हाय, तर गावानं काय पाप केलंय?"

मी घरी येऊन अप्पांशी भांडले. "अप्पा, त्या मांजराला बाहेर कोंडा."

"मुकं जनावर हाय गं. कोंडू न्हाय."

मी ऐकते होय! शेजारून कोंबड्यांचं डालगं आणलं आणि बेक्कीला त्याखाली घातलं. कोंबड्यांचं डालगं जंगमाच्या घरात आलं म्हणून अप्पांनी ओसरी धुवून काढली. रात्री बेक्की अशी रडली की गल्ली जागी झाली, आणि अप्पांनी हळूच उठून डालगं उचललं. पुढच्या बाजाराला मी तिला पोत्यात घालून ईटला जाणाऱ्या गाडीत दिली. तिसऱ्या दिवशी ती चिखलानं भरलेली परत आली. अप्पांनी तिला धोतरानं पुसली. आव्वा म्हणाली, रात्रीच पोटभर दूध पाजून बघू. बेक्की ते प्याली आणि पहाटेचंही मागायला वेळेआधी हजर झाली. माझ्या नाकी नऊ आले. सगळ्यात राग यायचा तो अप्पांचा. मी एक दार लावावं आणि त्यांनी ते उघडावं. हा माणूस मांजराचा एवढा मिंधा का, हे काही केल्या मला कळेना.

त्यात ते साल रझाकारांच्या धास्तीचं. पाटलांनी चावडीवर ठरवून टाकलं होतं की रात्री टोळी आली तर मठाची घंटा वाजवायची, आणि अवेळी घंटा ऐकू आली की लेकरंबाळं घेऊन ज्वारीत जाऊन बसायचं.

श्रावणात एका रात्री गावाची पहिली झोप लागते न लागते तोच घंटा वाजली आणि सगळं गाव ज्वारीत पळालं. पाऊस भुरभुरत होता. मी नवव्या महिन्याचं पोट धरून चिखलात बसले होते, आव्वा माझ्या तोंडावर हात ठेवून बसली होती. कुठं टोळी नाही, घोडा नाही, आवाज नाही. उजाडलं तेव्हा आम्ही परत आलो, आणि अप्पा पूजा आटोपून ओसरीवर बसलेले. बेक्की मिशा चाटत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाटील, ज्ञानोबा पाटील, भिजल्या अंगानं तसेच दारात आले. मागं अर्धं गाव. पाटलांनी आवाज चढवला नाही.

"स्वामी, चांदणी बघून वाजवली का?"

"व्हय पाटील. बघूनच वाजवली."

सगळ्यांनी वर बघितलं. आदल्या संध्याकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं. चांदणी काय, चंद्रसुद्धा दिसला नव्हता. अप्पा मान वर करून तसेच बसले होते, आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं नव्हतं.

पाटील म्हणाले, "बरं. पर पुन्यांदा असं झालं तर घंटा सोमलिंगाकडं द्यावी लागंल. लोकांच्या जिवाचा सवाल हाय."

सोमलिंग आमचाच भाऊबंद. त्याचं नाव निघालं तसा अप्पांचा चेहरा उतरला.

माणसं गेल्यावर मी त्यांच्यापुढं बसले. भांडायलाच बसले होते, पण भांडण तोंडातून निघेना.

"अप्पा, तुमाला चांदणी दिसती का?"

त्यांनी आव्वा जवळपास आहे का याचा कानोसा घेतला. मग म्हणाले, "दोन सालं झाली नागू. समदं धुकट दिसतंय."

"मग वेळ कशी कळती?"

"बेक्की उठवती. आधी लई बराबर उठवायची गं. आव्वाला बोलू नको. तिला कळलं की पाणवठ्यावर कळलं, आन घंटा गेली."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन वर्षं हा माणूस एका दूधखाऊ मांजराच्या भरवशावर गाव उठवत होता! आणि मी त्याचा तोच आधार पोत्यात भरून बाजाराला पाठवला होता.

मग मी त्यांना कायदा घालून दिला. पहाटे शुक्राची चांदणी मी बघायची. मी हाक मारल्याशिवाय त्यांनी हलायचं नाही, बेक्कीनं अंगठा तोडला तरी नाही. आणि बेक्कीचं दूध ऊन अंगणात आल्यावर, तेही आव्वाच्या हातून. प्रसाद असा लांबवायचा नसतो म्हणून अप्पा अडून बसले. मी म्हटलं, घंटा पाहिजे का प्रसाद, ते बोला. मग ते कबूल झाले.

चौथ्या दिवशी मला मुलगा झाला. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी पूर्वेला होती आणि पोरगं झोपू देत नव्हतं, त्यामुळे चांदणी बघायला मी जागीच असायची. पलीकडं अप्पांचे हाल ऐकू यायचे. बेक्की ओरडायची, उड्या मारायची, भांडी पाडायची. आठवडाभर ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली. अप्पा अंगठे धोतरात गुंडाळून 'शिव शिव' म्हणत पडून राहायचे. मधेच केविलवाण्या आवाजात विचारायचे, "नागू, निगाली का गं?" मी ओरडायची, "न्हाय! निजा!" बाराव्या दिवशी बेक्की आलीच नाही. चुलीच्या उबेला मुटकुळं करून पडून राहिली. त्या दिवशी घंटा नेमकी वेळेवर वाजली, आणि धुरपदाबाईनं बाळाला झबलं आणलं.

भाद्रपदात भारताची फौज आली, चार-पाच दिवसांत रझाकारांचं राज्य संपलं. ज्वारीत पळायची गरज उरली नाही. दिवाळीनंतर मी बाळाला घेऊन वाशीला गेले. निघताना अप्पांना म्हटलं, आता आव्वाला सांगा. ते 'व्हय व्हय' म्हणाले.

संक्रांतीला परत आले. रात्री गाढ झोपेत असताना अंगावर काहीतरी धपकन पडलं. बेक्की! मला तुडवून ती अप्पांच्या अंथरुणाकडं गेली, आणि थोड्या वेळात मठाची घंटा वाजली. बाहेर बघितलं तर शुक्राचा पत्ता नव्हता. माझी सगळी मेहनत या माणसानं मातीत घातली होती. मी उठून बसले.

"नीज," आव्वा अंधारातून म्हणाली. "लई रात हाय अजून. त्या घंटेला आता कुणी उठत न्हाय. समदे आभाळ बघत्यात आन परत निजत्यात."

"डोळ्यांचं तुला ठावं हाय?"

"समद्या गावाला ठावं हाय. ज्वारीतनं आले त्याच दिवशी कळलं. पाटलानंच सांगून ठेवलंय, स्वामीला कुणी बोलायचं न्हाय."

एवढं बोलून ती स्वतःच उठली, पदर खोचला आणि कण्हत जात्याशी जाऊन बसली.

"आता हे काय?" मी म्हटलं.

"घंटा वाजवून ते मठाच्या पायरीवर कान देऊन बसत्यात," ती म्हणाली. "एक तरी जातं ऐकू आलं पायजे." आणि तिनं बेक्कीला एक सणसणीत शिवी हासडून रिकामं जातं फिरवायला सुरुवात केली. मीही शिव्या देतच उठले आणि दुसऱ्या बाजूनं खुंट्याला हात लावला.