जहाजावरची कॉफी

१२ डिसेंबर. केबिनमधल्या कपाटात कपडे लावताना माझं डोकं फुटायला आलं होतं. नागपुरात घरी हाताने फेटलेली कॉफी पोटात गेल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. म्हणून क्रूझवर कॉफीचा डबा, साखर आणि विजेची किटली आणली होती. आगीच्या भीतीने किटली आदल्या संध्याकाळी जहाजावर चढतानाच तिथल्या लोकांनी काढून घेतली. इथल्या मशीनमधून नुसतं कोमट, काळं पाणी येत होतं. वेटरला कडक, दुधाची कॉफी मागितली, तर त्याने त्याच पाण्यात दूधपावडरची पुडी रिकामी केली. मला रडू यायचं बाकी होतं.

मोठ्या जाऊबाई पलंगावरून म्हणाल्या, "काहून वं, समुद्र पाहाले आली का कॉफी प्याले?"

"डोळे उघडले तर समुद्र पाहीन ना! कुठून आणू उकळतं दूध?"

"वरती नाश्त्याच्या हॉलात हाये ना. कॉर्नफ्लेक्सवर घेतलं त माही जीभ पोळली."

"मग आत्ता सांगता?"

"तू विचारलं कुठं?"

तोवर नाश्ता आटोपला होता. दिवस डोकं बांधून काढला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ग्लासात कॉफी, साखर आणि थोडंसं पाणी घालून हात भरून येईपर्यंत फेटलं. मग वर जाऊन कॉर्नफ्लेक्सजवळचं वाफाळतं दूध काठोकाठ ओतलं आणि तिथेच उभ्याने प्यायले.