पैलवानाचं परतणं

गालांना साबण लावून मी सलूनच्या खुर्चीत बसलो होतो, आणि दत्तूचा वस्तरा हवेतच थांबला होता. टीव्हीवरच्या कुस्तीतला तो बदनाम पैलवान, कुस्त्या भरवणाऱ्या कंपनीच्या मालकाला माइकवरून शिव्या घालून गेलेला, पुन्हा त्याच कंपनीत आला होता.

"थुंकलं तेच चाटायला आला," दत्तू म्हणाला.

"अरे, तो नव्हता तेव्हा बघण्यासारखं होतं काय?" बाकावरचा रिक्षावाला उसळला. "कंपनीनंच पाय धरले असणार!"

"मग आता आरती ओवाळ त्याची!"

साबण वाळून गाल ओढायला लागले. एका माणसाच्या परतण्यावर एवढं भांडण होतं, याचं मला नवल वाटलं. मीही एकदा साहेबांच्या टेबलावर राजीनामा आपटून निघालो होतो. दुसरीकडे जमेना, तेव्हा मुकाट्यानं जुन्या ऑफिसात परतलो. जिना चढताना उत्तरं जुळवत होतो. कुणी टोमणा मारला तर काय बोलायचं, कुणी मिठी मारली तर काय.

वर शिपायानं नेहमीसारखा चहा ठेवला आणि विचारलं, "रजेवर होता का, साहेब?"