मोठ्यानं वाच

दातांच्या डॉक्टरांनी माझ्या हातात आरसा दिला आणि म्हणाले, "बघा, खालच्या दाढा किती झिजल्यात. झोपेत दात खाता तुम्ही. कसलं टेन्शन आहे?"

मी म्हणाले, "काहीच नाही." आणि मला ते खरंच वाटत होतं. बुलढाण्याला बँकेत अधिकारी, परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास, चिखलीहून रोज एसटीनं जाऊन-येऊन घरचं जेवण. माझ्यासारखीला कसलं टेन्शन?

पण सकाळी जबडा उघडत नव्हता. बँकेत एखादा माणूस आवाज चढवून बोलायला लागला की मी आणखी हळू, आणखी गोड बोलायचे. मॅनेजर साहेब इतरांना सांगायचे, शांत कसं राहायचं ते हिच्याकडून शिका. तो माणूस गेला की मी बाथरूममध्ये जायचे आणि गार पडलेले हात काखेत धरून उभी राहायचे. थोड्या वेळानं बाहेर येऊन पुन्हा कामाला लागायचे. यात कुणाला सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

दातांच्या डॉक्टरांनीच संभाजीनगरच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. बँकेला दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुटी असते. घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगायचे आणि जायचे.

बाई मराठीत विचारायच्या, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं, त्यामुळे त्यात काही विशेष वाटायचं नाही. वडील तापट होते, घरात आदळआपट व्हायची, हे मी इंग्रजीत अगदी नीट मांडायचे. ऐकताना ते दुसऱ्याच कुणाचे तरी वडील वाटायचे. बऱ्याच भेटी झाल्यावर बाई म्हणाल्या, "तुम्ही फार छान सांगता. इतकं छान, की मला ऐकताना काहीच होत नाही. तुम्हालाही होत नाही, असं दिसतंय. हे घरी ज्या भाषेत घडलं, त्या भाषेत सांगून बघाल?"

मी तोंड उघडलं. एक वाक्यही आलं नाही.

मी लहान असताना बाबांची चिखलीच्या बाजारात अडत होती. शेतकऱ्यांचं सोयाबीन, तूर विकून द्यायची, दिवसभर भावावरून घासाघीस करायची आणि संध्याकाळी ते सगळं डोक्यात घेऊन घरी यायचं. अंगणात मोटरसायकलचं स्टँड कसं लागलं, यावरून आईला कळायचं. जोरात लागलं की ती मला हाताला धरून पुढच्या खोलीतल्या दिवाणावर बसवायची, मांडीवर इंग्रजीचं पुस्तक ठेवायची आणि म्हणायची, "वाच. मोठ्यानं वाच." मग ती आत जाऊन स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

बाबा दहावीला इंग्रजीत नापास झाले आणि त्यांची शाळा सुटली होती. उंद्री या आमच्या मूळ गावच्या भावकीत इंग्रजी शाळेत गेलेली मी पहिली मुलगी. मी वाचत असले की ते दारातच थांबायचे. चपला काढायचे. समोर बसून डोळे मिटायचे. "वाच बेटा," म्हणायचे. त्यांच्या जबड्याची हालचाल थांबेपर्यंत मी वाचायचे. धडा संपला तर तोच पुन्हा सुरू करायचे.

काही दिवशी ते जमायचं नाही. शब्द अडायचा, बाबा उठून आत जायचे. मग ताट भिंतीवर आदळल्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आणि आईचा काहीच आवाज नाही. त्या रात्री मी अंथरुणात तोच धडा मनात म्हणत राहायचे. आपण नीट वाचलं नाही, एवढंच मला कळायचं.

माझ्यावर बाबांनी कधी हात उचलला नाही. म्हणून मला काही झालंय असं मी धरलंच नव्हतं. आता ते निवळलेत. बीपीची गोळी घेतात, सकाळी मला स्कूटरवर एसटी स्टँडवर सोडतात, ओळखीचं कुणी भेटलं की "आमची साहेब" म्हणून ओळख करून देतात. त्यांना हे विचारावं असं मला कधी वाटलं नाही. मला फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं, की हो, असं होत होतं. ते म्हणू शकेल असं माणूस एकच होतं. एकदा भाकरी थापताना मी आईला विचारून पाहिलं होतं. "तेव्हा काय?" ती म्हणाली, "सगळ्याच घरी होते ते. तुले तर फुलावानी ठेवलं." आणि तिनं भाकरी तव्यावर टाकली.

एका शनिवारी बँकेतली मैत्रीण अचानक घरी आली. ट्रेनिंगचं बिंग तिथंच फुटलं. मी रात्री परतले तेव्हा आई ओट्यावर बसली होती.

"कुठी जाऊन राह्यली तू? कोन हाय तो?"

"कोनी नाही."

"सांगून टाक बाई. आपल्यातला हाय का? काय करते?"

"डॉक्टर हाय," माझ्या तोंडून निघालं.

आईचा चेहरा उजळला. "डॉक्टर हाय?"

"बाई हाय आई. मनाची डॉक्टर. मी तिले दाखवाले जातो."

तिला ते समजायला जरा वेळ लागला. "तुह्या मनाले काय झालं? तुले तर पगार हाय." मग ओट्यावरून उठत ती म्हणाली, "पुढच्या वेळी मीबी येतो. काय सांगतं तू तिले, मले पाहू दे."

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही.

आई ठेवणीतली साडी नेसून आली. समुपदेशक बाईंसमोर ती खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवी मांडीवर. बाईंनी घरच्या दिवसांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इचे बाबा तापट होते, नाही म्हनत नाही. पन इच्या अंगाले बोट लावलं नाही कधी. लय हुशार पोरगी. संध्याकाळी आपल्या मनानं वाचाले बसे. त्याच वाचनानं तर येवढी झाली."

आपल्या मनानं. मला वाटलं होतं मी रडेन, नाहीतर उठून जाईन. तसं काही झालं नाही. मी बाईंकडे वळले आणि इंग्रजीत बोलायला लागले. आईची पिढी, तिच्या अडचणी, तिचा दोष नाही. एकामागून एक वाक्य, न अडखळता, एका लयीत. मी थांबत नव्हते. खरं तर मला थांबता येत नव्हतं.

आईला इंग्रजी येत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि माझा दंड धरला.

"थांब," ती म्हणाली. "थांब माय. नको वाचू."

मी गप्प झाले.

"ते नाहीत इथं. कोनी आलं नाही. नको वाचू आता."

बाईंनी हळूच विचारलं, "अशीच वाचायची का ती?"

आईनं मान हलवली. "असाच आवाज होता. मी दाराआडून आयकत उभी राहे. ती थांबली की मले समजे, आता आपली पाळी." तिनं पदर तोंडाला लावला. "मीच बसवत होते तिले. लेकरू होती. लेकराच्या मांगं लपली मी."

माझे हात गार पडले होते आणि आईनं ते दोन्ही हातांत धरून ठेवले होते.

परतीच्या एसटीत जालना येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. डबा उघडला, पण खाल्लं नाही. "घरी नको सांगू हे," ती म्हणाली. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं पुन्हा बजावलं नाही.

देऊळगाव राजाच्या अलीकडे ती एकदम म्हणाली, "तू वाचे ते होतं तरी काय? मले त्यातलं काहीच समजे नाही."

"कोनतं?"

"तेच. लय वेळा वाचे ते."

मला तो धडा अजून पाठ होता. "एका पोरीची मांजर हरपते," मी म्हटलं. "मंग ती गल्लीत घरोघरी इचारत फिरते."

"अन्?"

"अन् मंग सापडते."

"येवढंच?" आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. "हाव का? मले वाटे काही मोठं ज्ञानाचं असंल." ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सांग नीट. कुठी सापडते?"

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सावकाश, मधेमधे थांबत. ज्या जागेत ती मांजर सापडते, तिथपर्यंत आले आणि मराठी शब्द न सापडून अडले. घराच्या वरच्या बाजूला, छपराखाली, सामान ठेवायची जागा असते ना, असं हातानं दाखवायला लागले.

"माळा," आई म्हणाली. "माळ्यावर सापडते. सांग पुढं."